दुसऱ्या गाडीची जागा

मास्तरांनी दुसरी गाडी घेतली नाही. विकत नाही आणि लीजवरही नाही. शोरूममध्ये गेले तसेच हात हलवत परत आले. हे सांगून टाकलं म्हणजे मनावरचं ओझं उतरलं. आता आपण असं धरून चालू की हे कुणी बोललंच नाही, मास्तर अजून घरीच आहेत आणि गाडी घ्यायचं त्यांचं पक्कं ठरलंय. प्रश्न उरलाय तो एवढाच, की विकत घ्यायची की लीजवर.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. त्यांच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाशी. निम्म्या गावाने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता आणि उरलेल्या निम्म्या गावाचा जीव त्यांच्या उजव्या पायाने वाचवला होता. त्या पायाला आता स्वतःचं वेगळं मन होतं. सिनेमात पडद्यावरची गाडी वळली तरी तो दाबला जायचा.

बायकोची गाडी मात्र साधी, एकाच ब्रेकची. मास्तर तिच्या शेजारी बसले की पाय तिथेही चालूच. नसलेला ब्रेक दाबून दाबून त्यांनी तिच्या गाडीच्या गालिच्याला भोक पाडलं.

"अरे, मला दिसतोय सिग्नल," ती म्हणायची.

"मी कुठे काय बोललो?"

"तू नाही बोललास. पाय बोलला."

मग तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. आधी सुट्टीला यायची, मग फक्त फोन यायचा, मग फोनसुद्धा कामापुरता. भांडण असं काही झालंच नाही. झालं असतं तर निदान मिटवायला काहीतरी हाताशी असतं. गाडी ती घेऊन गेली, भोकासकट.

मागे राहिली ती इमारतीखालची तिच्या गाडीची जागा. मास्तरांच्या गाडीला लागूनच, मधोमध तेलाचा एक डाग. त्या जागेत आपलं चाक जाऊ नये म्हणून मास्तर आपली गाडी भिंतीला इतकी चिकटवून लावायचे की उतरताना पोट आत घ्यावं लागे. शिकाऊ पोराने अशी गाडी लावली असती तर त्याला त्यांनी परत पहिल्या धड्यावर बसवलं असतं.

एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी त्यांना जिन्यात गाठलं.

"मास्तर, ती जागा रिकामी आहे. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मागे लागलेत. नियम तुम्हाला माहीत आहे. दुसरी जागा हवी तर दुसरी गाडी दाखवा. या महिन्यात."

"गाडी आहे की. बाहेर गेलीय."

"बाहेर म्हणजे किती बाहेर?"

यावर मास्तरांनी थोडं खोकून घेतलं.

तर म्हणून दुसरी गाडी. सल्ल्यासाठी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"घरात माणूस एक आणि गाड्या दोन?" ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी तिसरी घे. त्या दोघींना सोबत होईल."

"ताई, विकत घेऊ की लीजवर, तेवढं सांग."

"लीज म्हणजे काय असतं?"

"ठरलेली वर्षं वापरायची, भाडं भरत राहायचं, मुदत संपली की परत द्यायची."

"म्हणजे तुझ्या संसारासारखं," ताई म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं असावं, कारण त्यानंतर तिने मास्तरांच्या पाण्याच्या टाकीची फार आपुलकीने चौकशी केली.

शोरूममधली मुलगी चुणचुणीत होती. "रोजचा वापर किती असेल, सर?"

"वापर नाही. उभी करायची आहे."

मुलीने मान डोलावली, जणू सकाळपासून सगळे हेच मागत होते. "मग लीज बेस्ट. किलोमीटरची मर्यादा असते, ती तुम्ही ओलांडणारच नाही. तीन वर्षं निवांत."

"आणि मध्येच जागा लागली तर?"

"कसली जागा?"

"जिची जागा आहे ती आली तर. तिच्या गाडीला."

"मुदतीआधी परत केली तर दंड बसतो, सर."

"म्हणजे तिला तीन वर्षं येऊ नकोस असं कळवावं लागेल."

"मग विकत घ्या ना. कायमची तुमची."

मास्तर विचारात पडले. लीज म्हणजे तीन वर्षं, विकत म्हणजे जन्मठेप. जागा राखायची तर तिथे गाडी उभी करायला हवी, आणि गाडी उभी केली की ती येऊन लावणार कुठे? हे त्यांना घरी बसून सुचलं नव्हतं. घरी बसून त्यांना फक्त गाडीचा रंग सुचला होता, तोही तिच्या आवडीचा.

"एक चक्कर तर मारून बघा," मुलगी म्हणाली.

मास्तर उठले, गाडीचं दार उघडून बसले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघू लागले. बाहेर मुलगी किल्ली पुढे धरून वाट बघत होती. दोघांनीही बराच संयम दाखवला. मग मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्या पुढ्यात स्टिअरिंग नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने ते शेजारच्या सीटवर बसले होते.

"सर, चालवणार तुम्हीच ना?"

आता उठून पलीकडे जाणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. "नाही," मास्तर म्हणाले. "गाडी शेजारून बघावी. शेजारून खरी कळते."

मुलगी चालवायला बसली. पहिल्याच वळणावर समोर एक बस थांबली. मास्तरांचा पाय खाली गेला. खाली नवाकोरा, मऊ गालिचा होता, बाकी काही नव्हतं. गाडी थांबली. बसपासून नीट अंतर राखून, धक्का न देता. पुढे सिग्नलला पुन्हा पाय, पुन्हा गालिचा, पुन्हा गाडी छान थांबली.

"पायाला मुंग्या आल्यात का, सर?"

"नाही. सवय."

"माझे बाबा पण असंच करायचे. शेवटी मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं."

"मग थांबले?"

"छे. मागून करतात."

मास्तर हसले. मग खिडकीबाहेर बघत बसले ते शोरूम येईपर्यंत.

घरी आल्यावर ते वर गेलेच नाहीत. तेलाच्या डागाशी उभं राहून त्यांनी बायकोला फोन लावला.

"तुझी गाडी नीट थांबते ना गं?" त्यांनी विचारलं.

"थांबते की. नेहमीच थांबायची."

"हो, ते आज कळलं." मग ते म्हणाले, "तुझी जागा मागतायत. डॉक्टर."

"देऊन टाक रे. मी आलेच कधी तर लावीन रस्त्यावर."

फोन ठेवल्यावर मास्तरांना त्या वाक्यातलं 'देऊन टाक' ऐकूच आलं नव्हतं असं झालं. 'आलेच कधी तर' एवढंच कानात राहिलं. रस्त्यावर लावीन म्हणजे येईन. आणि रस्त्यावर तर संध्याकाळी मुंगीलाही जागा मिळत नाही.

मास्तरांनी खालीच, आपल्या गाडीच्या टपावर कागद ठेवून अर्ज लिहिला आणि सेक्रेटरीकाकांच्या दाराखालून आत सरकवला:

"मा. सेक्रेटरी यांस. विषय: दुसऱ्या गाडीची जागा. वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर जागा रिकामी आहे असे न समजता, तेथील गाडी चालवणारीच्या मर्जीने थांबलेली असून केवळ दिसत नाही, असे समजण्यात यावे. सदर गाडी परत येईपर्यंत तिच्या जागी दुसरी कोणतीही गाडी, विकतची अथवा लीजवरची, उभी करू नये. तसेच गाडी आल्यास शेजारच्या सीटवर बसणाऱ्या इसमाचा उजवा पाय सोसायटीने आपल्या ताब्यात घ्यावा व तशी लेखी पोच अर्जदारास द्यावी, ही विनंती."