गारठलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना हरितकण आहे. पुस्तकात मला हरितलवक म्हणतात. पाण्यात वाढणाऱ्या रोपाच्या पानात, एका पेशीत माझं बिऱ्हाड. टाचणीच्या टोकावर आमचा अख्खा गोतावळा मावेल, एवढासा माझा जीव. माझी आई मधोमध आवळत गेली आणि तिचे दोन भाग झाले, त्यातला एक मी.

आमच्या घराच्या मधोमध पाण्याची टाकी आहे, तिचं नाव रिक्तिका. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून पेशीद्रव्य वाहतं. बारीक दोऱ्यांवरून हमाल, म्हणजे ओझी वाहणारी प्रथिनं, पावलं टाकतात, त्यांच्या ओढीनं सगळा प्रवाह फिरतो आणि आम्हीही फिरतो. मी उजेडात साखर करतो. शेजारी राहणाऱ्या तंतुकणिका ती साखर मोडून हमालांना बळ पुरवतात. एकानं हात आखडला तर सगळ्यांचं अडतं. इतक्या फेऱ्या झाल्या, तरी मला याचं नवल वाटायचं थांबत नाही.

एकदा शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी आमचं पान खुडून काचपट्टीवर ठेवलं आणि वर बाटलीतलं पाणी सोडलं. बाटली नेमकी फ्रीजमधली होती. हमाल जागच्या जागी थिजले. मीही थांबलो. वर सूक्ष्मदर्शकाला डोळे लागले होते आणि मला तसूभर हलता येईना.

"बाई, नुसते हिरवे दाणे दिसतात," चिंगी म्हणाली. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून ती चिंगी. "मेलंय वाटतं हे."

"मग टाक कचऱ्याच्या डब्यात. दुसरं घेऊ."

आम्ही जिवंत आहोत, हे सांगायचं कुणी?

चिंगीनं काचपट्टी उचलली. "केवढी गार लागतेय ही."

बाईंनी बोट लावून पाहिलं. "थांब गं. चूक माझीच. ते पाणी फ्रीजमधलं होतं."

त्यांनी काचपट्टी तळहातावर घेतली आणि वर दुसरा हात अलगद धरला. ऊब आत झिरपली. एका हमालानं पाऊल उचललं, मग दुसऱ्यानं. बोळ वाहू लागला आणि मी निघालो.

चिंगीनं पुन्हा डोळा लावला. मग हळूच म्हणाली, "बाई, हे सगळे कुठं निघालेत?"

"कामावर," बाई म्हणाल्या.

तास संपल्यावर चिंगीनं आमचं पान परत पाण्यात सोडलं. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी थांबलेलं दिसलं, की लगेच मेलं म्हणू नका. आधी तळहातावर घेऊन बघा.