काळ्या अस्तराचा तंबू

त्या हिवाळ्यात बायकाल सरोवराचं पाणी गोठलं तेव्हा वारा पडलेला होता, आणि नंतर हिमही पडलं नाही. त्यामुळे बर्फ नितळ राहिला. केशा गाडीतून उतरताना पाय ठेवायच्या आधी थांबला. जन्म याच काठावर गेला, तरी दर वर्षी तो असाच थांबायचा. खाली काळंभोर पाणी, आणि मध्ये हातभर जाडीचा बर्फ, असून नसल्यासारखा. त्यात पांढऱ्या चिरा उभ्याच्या उभ्या खोल उतरलेल्या. लांब कुठेतरी बर्फ तडकला आणि तो आवाज त्यांच्या पायाखालून पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला.

"गुरगुरतंय," प्रोखोर म्हणाला. "भूक लागलेली दिसते."

"तुझ्याइतकी कुणाला लागत नाही," त्याची बायको न्यूरा म्हणाली. "उतर आधी. तंबू काढ."

दाशी आधीच खाली उतरला होता. त्यानं वाटीतल्या दुधात अनामिका बुडवून सरोवराला नैवेद्य म्हणून चारी दिशांना दूध शिंपडलं, आणि मग गिरमिट घेऊन बर्फात भोक पाडायला लागला.

ही त्यांची जुनी टोळी. दर हिवाळ्यात बर्फावर मुक्काम करून ओमूल मासा धरायचा. पूर्वी पाच जण असायचे. पाचवी तायस्या, केशाची बायको. ती वसंतात गेली. जुना ताडपत्रीचा तंबूही गेल्या वादळात फाटला होता. आता दोन नवे तंबू बघायला म्हणून मागून आणले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. कुठला ते केशानं ठरवायचं, कारण तंबू उभा करणं कायम त्याच्याकडेच असे.

पहिला पांढरा. तिहेरी कापडाचा, छत्रीसारखा उघडणारा, खाली जमिनीचं कापड, खिडक्या, चुलीच्या धुराड्याला भोक. सहा माणसं पाय पसरून झोपतील असा. दुसरा त्याहून लहान आणि वजनाला जड. जमीन नाही, खिडकी नाही, आतून काळं अस्तर.

काळं अस्तर कशासाठी ते चौघांनाही माहीत होतं. आत काळोख असला की बाहेरचा उजेड बर्फातून खाली झिरपतो आणि भोकातलं पाणी पेटल्यासारखं दिसतं. मासा डोळ्यांनी दिसतो. बघायचं काम तायस्याचं होतं. ती पालथी पडून भोकात तोंड घालायची, मूठभर बोरमाश सोडायची, म्हणजे जवळ्यासारखे जिवंत बारीक जीव, आणि सांगायची, "खाली आहेत... येतायत... आता ओढ!" शेजारच्या भोकावर गळाची दोरी घेऊन केशा ओढायचा. तिनं बघायचं, त्यानं ओढायचं. दोरी सोडून बघायला जायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

आता त्या जागेवर कोण पडणार, हे कुणी विचारत नव्हतं. पांढरा तंबू घेतला तर विचारायची गरजच पडणार नव्हती. केशाला तेच हवं होतं.

रात्र पांढऱ्या तंबूत काढली. झोप छान लागली. सकाळी मात्र ऊन कापडातून आत आलं आणि तंबू कंदिलासारखा उजळला. भोकातलं पाणी करडं, आंधळं.

"हे भोक आहे की भांडी विसळलेलं पाणी?" न्यूरा म्हणाली. "यात मासा काय, माझं तोंडपण दिसत नाही."

"बरंच आहे मग," प्रोखोर म्हणाला. "सकाळी सकाळी कोण भिणार?"

तिनं हातमोजा फेकून मारला. केशा हसला आणि हसता हसता म्हणाला, "पांढराच ठेवू. ऊब आहे, पटकन उभा राहतो. वाऱ्यातही टिकेल."

"तू म्हणशील तसं," प्रोखोर लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की केशाला कळलं, तो म्हणेल ते मानायचं हे आधीच ठरलेलं होतं.

दाशी चहात दूध घालत होता. "काळा मी तिकडे उभा केलाय," तो म्हणाला. "भोकं पाडली, बोरमाशही सोडलाय. परत करायचा तर तूच गुंडाळ. माझी कंबर धरलीय."

"काल तर ठीक होती."

"काल काल होता."

केशा उठला. काळ्या तंबूची चेन उघडून आत शिरला, सवयीनं मागे बंद केली. क्षणभर काही दिसेना. मग दिसलं.

काळोखाच्या मधोमध भोक हिरवं-निळं जळत होतं. उजेड खालून वर येत होता. त्या उजेडात तंबूचं छप्पर हलत होतं, त्याचे स्वतःचे हात हिरवे झाले होते. केशा गुडघ्यांवर बसला. मग पालथा झाला. नाकाला पाण्याचा गारवा लागला.

तळ नव्हता. बर्फातून उजेडाचे खांब तिरके खाली गेले होते, आणि जिथे ते संपत होते तिथेही पाणी संपत नव्हतं. बोरमाशचे दाणे फिरत फिरत उतरत होते, प्रत्येक वेगळा दिसत होता. त्याला आपण उंच कड्यावरून खाली वाकलोय असं वाटलं आणि त्यानं दोन्ही हातांनी बर्फ घट्ट धरला. ज्यावर तो आयुष्यभर गाडी चालवत आला, चुली पेटवत आला, त्याच्याखाली हे होतं.

मग खालून धूर आल्यासारखं झालं. तो धूर वळला आणि चकाकला. ओमूल. एकदम शेकडो. सगळे एकाच वेळी वळत होते आणि दर वळणाला सारं पाणी उजळत होतं. केशानं दोरीला हातही लावला नाही.

मागे चेन वाजली.

"बंद कर!" तो ओरडला.

तिघंही आत आले आणि चेन बंद झाली. न्यूरा कुजबुजली, "आहेत का रे?"

"आहेत."

"मग सांग की! दाशी, धर दोरी."

केशानं तोंड भोकाच्या आणखी जवळ नेलं. "खाली आहेत," तो म्हणाला. "डावीकडून येतायत... थांब... अजून थांब... आता!"

दाशीनं झटका दिला. मासा बर्फावर आपटला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. आणि अचानक सगळा थवा फुटला, पाणी रिकामं झालं. त्या रिकाम्या पाण्यात एक मोठं काळं अंग उलटं तरंगत आलं, पोट वर. गोल डोळ्यांनी त्यानं भोकाकडे पाहिलं, केशाकडे पाहिलं, आणि एका वळशात खाली गेलं, खाली, अजून खाली, अगदी दिसेनासं होईपर्यंत.

"सील," केशा म्हणाला.

"गेले मासे!" प्रोखोरनं कपाळावर हात मारला. "आता दुपारपर्यंत एक यायचा नाही. ऊठ, चहा गार होतोय."

केशा उठला नाही.

"अरे, काही नाही ना आता? मग काय बघतोयस?"

"पाणी."

न्यूरानं प्रोखोरची बाही ओढली. दोघं हळूच बाहेर गेले. थोड्या वेळानं बर्फातून खुंट्या पिळून काढल्याचा करकर आवाज आला. पांढऱ्या तंबूच्या खुंट्या.

दाशीनं वाकून केशाच्या छातीखाली जाड लोकरी नमदा सरकवला आणि दोरी पुन्हा खाली सोडली.