उलटा छापलेला रेणू

"सर, तो रेणू आपण उलटा छापलाय," ओगुराबाई एका दमात बोलून गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

कामेदा सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. परवा त्यांचं निवृत्तीचं भाषण होतं. ज्या रेणूच्या रचनेनं त्यांचं नाव झालं, त्याचंच चित्र टेबलावर पसरलेलं होतं.

"कोण म्हणतं?"

"मी."

जपानमधल्या सेंदाईच्या त्या प्रयोगशाळेत बोलण्याचीही उतरंड होती. विद्यार्थ्यानं सहायकाशी बोलायचं, सहायकानं सरांच्या हाताखालच्या नागुमोंशी, नागुमोंनी सरांशी. स्फटिक वाढवणाऱ्या, क्ष-किरणांच्या फिल्म धुणाऱ्या ओगुराबाई अगदी तळाला. फिल्म पालथी ठेवून मोजली गेलीय, हे अकरा वर्षांपूर्वी त्यांनी नागुमोंना सांगितलं होतं. "सरांशी काय बोलायचं ते मी बघतो," ते म्हणाले आणि त्यांनी काही बघितलं नाही. बाईही मुकाट राहिल्या. पण भिंतीवर ते चित्र दिसलं की त्या नजर वळवायच्या.

"पुरावा?"

बाईंनी पाकिटातून फिल्म काढली. "प्रत्येक फिल्मचा वरचा उजवा कोपरा मी कापते. खूण म्हणून. आता ही तेव्हाची मोजणीची वही बघा, आकृतीत कोपरा डावीकडे आलाय. सगळा रेणू आरशातल्यासारखा उलटला; उजव्या हाताचा डावा झाला, सर."

सर फिल्म घेऊन खिडकीशी गेले. सरळ धरली, पालथी केली.

"फिल्मवरचे क्ष-किरणांचे ठिपके दिसत नाहीत हो मला आता. तुम्ही वाचा."

समोरासमोरच्या ठिपक्यांच्या प्रत्येक जोडीतला कुठला जास्त काळा, ते बाई सांगत गेल्या. सर वहीशी ताडत गेले. चहा निवून गेला. चाळिसाव्या जोडीला सरांनी वही मिटली.

"अकरा वर्षं गप्प बसलात?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि मलाही धीर झाला नाही."

सर मटकन खुर्चीत बसले. मग एकदम हसत सुटले. "बरं झालं बाई! नाहीतर परवा भरसभेत उलटा हात दाखवून निरोप घेतला असता मी!"

बाईही हसल्या. हसता हसता न विचारताच समोरच्या खुर्चीत बसल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सरांनी कोरा कागद ओढला आणि नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. खाली सही केली. मग चूक दाखवणाऱ्याचं नाव म्हणून 'ओगुरा' एवढं लिहून थांबले.

"तुमचं पहिलं नाव काय हो?"

बाईंना इथं कामाला लागून एकोणीस वर्षं झाली होती.

"सावाको."

"कुठली चित्राक्षरं? सावाको बऱ्याच तऱ्हांनी लिहितात."

बाईंनी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि एकेक रेघ सावकाश ओढत आपलं नाव स्वतःच पुरं केलं.