पूर्वेचा प, पश्चिमेचाही प

मी सहलीचा मांडव बोलतोय. जुन्या काळची घरं उचलून आणून वसवलेल्या या गावात, तिकीटघर ओलांडलं की डाव्या हाताला मी दिसतो. खांब, कौलं, बाकं आणि टेबलं. भिंत एकही नाही. कुंभाराच्या घरापुढे, लोहाराच्या भट्टीपुढे माहितीच्या पाट्या आहेत. माझ्यापुढची पाटी म्हणते, ‘खरकटं डब्यातच टाका.’

लाज वाटते हो. कारण एके काळी मीही घर होतो.

रस्त्याच्या वळणावरच्या एका शिंप्याचं घर. शिंपी गेला, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि त्याच्या लेकीने मला या गावाला देऊन टाकलं. अट एकच घातली, “जसं आहे तसंच उभं करा. मी बघायला येईन.”

मला उतरवायला सुतार आला, सोबत त्याचा मेहुणा. सुतार लाकूड सोडवायचा आणि मेहुणा त्यावर पांढऱ्या रंगाने भिंतीच्या दिशेचं पहिलं अक्षर लिहायचा, तेही उकार-वेलांटी गाळून. उत्तरेचा उ, दक्षिणेचा द. इथवर ठीक होतं. इथे आल्यावर ट्रक रिकामा झाला आणि सुताराने कपाळाला हात लावला.

“हा प कुठला रे?”

“पूर्वेचा.”

“आणि हा?”

“पश्चिमेचा.”

“मग ओळखायचं कसं?”

“दाजी, लिहिताना मला माहीत होतं ना!”

बायकोचा भाऊ, बोलणार काय? बिचाऱ्या सुताराने अंदाजाने जुळवायला घेतलं. सांधा बसेना की तासायचं, तासलं की पुढचा सांधा सैल. शेवटी धड घर नाही, धड सरपण नाही, अशी माझी गत झाली. या गावाचा कारभार बघणारे साहेब म्हणाले, “नाहीतरी लोकांना जेवायला सावली नाही. खांब उभे करा, वर कौलं घाला आणि विषय संपवा.” उरलेल्या लाकडांची बाकं झाली.

तेव्हापासून लोक माझ्याकडे जेवायला येतात. माणसं तशी वाईट नसतात, पण जिथे कुणाचं घर नाही तिथे ती वेगळी वागतात. तेलकट बोटं खांबाला पुसतात, च्युइंग गम बाकाखाली चिकटवतात. मी म्हणायचो, चालायचंच. फक्त ती लेक येऊ नये.

ती आली. केस पिकलेले, नातीचा हात धरलेला. तिकीटघरात तिने विचारलं, “शिंप्याचं घर कुठंय हो?”

“तसलं काही नाही आजी. कुंभाराचं बघा, लोहाराचं बघा.”

तिचा विश्वास बसेना. दोघींनी सगळं गाव पालथं घातलं आणि दमून माझ्याच बाकावर येऊन टेकल्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. ओळखू नको गं बाई, ओळखू नको.

उठताना आधाराला तिने खांब धरला आणि बोटं थबकली. शिवताना तिचे वडील हातातली सुई याच खांबात खोचून ठेवायचे. जन्मभर सुया खोचून तिथल्या लाकडाची चाळण झाली आहे.

“अगं, हे तर आमचंच,” ती म्हणाली.

नातीला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती उसळली. “हे? हे घर केलंय यांनी? चल आजी, आत्ताच्या आत्ता जाब विचारू.”

आजी पुन्हा खाली बसली. तिने मला शिव्या घातल्या असत्या, तर मी सोसल्या असत्या. ती नुसती वर बघत राहिली, तासून तासून आखूड झालेल्या तुळयांकडे, आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

तेवढ्यात एक कुटुंब डबे घेऊन आलं. बाकं भरलेली बघून ती माणसं बाहेरच घुटमळली. आजीने डोळे पुसले, टेबलावर कुणीतरी सांडलेलं आपल्या रुमालाने टिपलं आणि सरकून जागा केली.

“या ना, बसा. आमचंच घर आहे.”

ती माणसं हसली. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे. नात मात्र हसली नाही. आणि मी? इतकी वर्षं मला घर न उरल्याची लाज वाटायची. त्या दिवशी लाज वाटली ती, हिने येऊच नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, त्याची.

तुम्ही कधी आलात, तर खुशाल जेवा. फक्त आत पाऊल टाकताना एकदा “येऊ का?” म्हणा. उत्तर द्यायला मला तोंड नाही. तरी विचारा.