फुई रडली नव्हती

पुण्यातल्या विद्यापीठाचा मेल आला तेव्हा गायत्री सुरतच्या कापड बाजारात, चौथ्या मजल्यावरच्या दुकानात, एका जांभळ्या साडीला नाव शोधत बसली होती. तेच तिचं काम होतं. जयंतीभाईंच्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक साडीला नाव द्यायचं आणि कॅटलॉगसाठी चार ओळींचं वर्णन लिहायचं. तीन वर्षांत तिनं इतक्या साड्यांची बारशी केली होती की शेजारच्यांच्या खऱ्याखुऱ्या बाळाच्या बारशाला तिला एकही नाव सुचलं नाही. जे सुचायचं ते शिफॉनचं वाटायचं.

मेलमध्ये लिहिलं होतं की सर्जनशील लेखनाच्या एम. ए.साठी तिची निवड झाली आहे. यायचं की नाही ते दहा दिवसांत कळवा.

अर्ज तिनं कुणाला न सांगता केला होता. सोबत एक कथा पाठवायची होती, ती पाठवली. मग ऑनलाइन मुलाखत झाली, ती तिनं गोडाउनमध्ये साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून दिली. समोर मालतीबाई नावाच्या प्राध्यापिका होत्या. केस पांढरे, आवाज कोरडा.

"लेखन का शिकायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

गायत्रीनं उत्तर पाठ केलं होतं. त्यात 'अभिव्यक्ती' हा शब्द दोनदा होता. पण तोंडातून भलतंच निघालं. "मी रोज लिहिते मॅडम, पण कुणी वाचत नाही."

आणि ते अगदी खरं होतं. एकदा कंटाळून तिनं एका साडीखाली लिहिलं होतं, 'हिच्या काठावर सासूचा टोमणा टिकत नाही, घसरून खाली पडतो.' आठ दिवस ती धाकधुकीत होती. साडी धडाक्यात खपली. शेवटी न राहवून तिनंच जयंतीभाईंना ते दाखवलं. त्यांनी चष्माही लावला नाही. "बेन, वांचे छे कोण?" म्हणाले. "फोटो जुए, रंग जुए. लखाण तो जग्या भरवा माटे." म्हणजे लिखाण नुसतं जागा भरायला.

मालतीबाईंनी मात्र तिची कथा वाचली होती. त्या म्हणाल्या, "शेवटचा प्रसंग फार सुंदर आहे. ती बाई खिडकीतून नवऱ्याला दुसरीसोबत बघते, एक शब्द न बोलता मागे फिरते, आणि बसस्टॉपवर पदराचं टोक डोळ्याला लावते. ते मौन खूप काही बोलतं."

गायत्रीनं मान खाली घातली. मालतीबाईंना तो विनय वाटला असावा.

ती कथा तिच्या फुईची होती. फुई म्हणजे बापाची बहीण, सुभद्राबाई. सुरतेतल्या नवागाममध्ये गायत्रीचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि फुई खाली राहायची. पंचवीस वर्षांपूर्वी फुईचा नवरा योगराज सुरतजवळच्या चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामाच्या कामाला गेला आणि हंगाम संपला तरी परतला नाही. फुई त्याला शोधायला चलथाणला गेली आणि आठ दिवसांनी योगराज घरी आला. घरात एवढंच माहीत होतं आणि तेही कुजबुजीत. मधला भाग गायत्रीनं स्वतः भरला होता. खिडकी तिची, बसस्टॉप तिचा. पदर तर तिनं टीव्हीवरच्या मालिकेतून सरळ उचलला होता.

मेलची बातमी तिनं त्या संध्याकाळी घरी सांगितली. आई, रंजना, साडीला खडे चिकटवत होती. तिनं हातातला खडा तसाच धरून ठेवला. बाप, सुकदेव, तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस. मागांच्या खडखडाटात कान गेले होते, त्यामुळे त्याला वाटायचं जगच बहिरं आहे. तो कुजबुजला तरी खालच्या दुकानातला माणूस वर बघायचा.

"लिखाले शिकाडतस?" तो ओरडला. "दोन वरीस? पहिलीमां शिकाडं नही का तुले?"

"अक्षरं नाही बापू. कथा लिहायला शिकवतात."

"मंग तू आते काय लिखीसन धाडी? कथाच ना? त्यास्नी पास कयी ना? येतं म्हणजे. येतं ते काय शिकनं?"

सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या स्वतःच्या मनातही हेच होतं. शिकून लिहिता येतं का? आणि येत असेल तर, दोन वर्षांनी कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बाई, तू साड्यांचीच, तर? साड्यांच्या बाबतीत ती निदान बाजारात नावाजलेली होती.

दुसऱ्या दिवशी जयंतीभाईंच्या कानावर गेलं. ते हादरले. त्यांनी सॅम्पल-रूमच्या शेजारची जागा दाखवली, तिथं काचेची केबिन टाकू म्हणाले, दारावर 'कन्टेन्ट हेड' अशी पाटी लावू म्हणाले. "युनिव्हर्सिटीमां वार्ता शिखवाडे?" त्यांनी खऱ्या काळजीनं विचारलं. "गपगोळा मारवानुं शिखवुं होय तो बजार छे ने! आखो दिवस गप ज चाले छे." गोष्टी रचायला, थापा मारायला बाजार पुरतो, हे गायत्रीला अगदीच चूक वाटलं नाही. केबिनमध्ये एसी असणार होता.

असे पाच दिवस गेले. सकाळी ती जायचं ठरवायची, दुपारी जेवणाच्या सुट्टीत राहायचं ठरवायची. सहाव्या दिवशी बापाला साप्ताहिक सुट्टी होती. त्यानं कथा मागितली. कुठल्या लिखाणावर पोरीला पुण्याला बोलावलं ते बघू तरी, म्हणाला. गायत्रीला नाही म्हणता येईना. तिनं प्रिंट दिली आणि आंघोळीला गेली.

हीच चूक झाली. सुकदेवला मनात वाचायची सवय नव्हती. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला आणि त्याच्या समजुतीप्रमाणे पुटपुटत वाचू लागला. मागावर आवाज दिल्यासारखा तो पुटपुट आवाज सोसायटीच्या दोन्ही जिन्यांतून खाली गेला. गायत्रीनं बाथरूममध्ये ऐकलं, "...'तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं'..." आणि तिच्या हातून तांब्या सुटला.

कथेत नाव बदललं होतं. पण चलथाण बदललं नव्हतं, कारखाना बदलला नव्हता, आणि हंगाम संपल्यावर न परतलेला नवरा ह्या सोसायटीत एकच होता.

ती ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा फुई दारात उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेचे. मागून जिना चढत योगराज येत होता, हातात चहाची बशी, काय झालं ते न कळलेला.

"हाई कोन रडी ऱ्हायनं?" फुईनं विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्तच भीती वाटली.

"फुई, ती तू नाहीस. ती कथेतली बाई—"

"चलथाणले कोन गयथं? कथामधली बाई गयथी?"

रंजनानं खड्यांचा डबा उचलून आत नेला. सुकदेव कागदात तोंड घालून पुढचं वाचतच होता, त्याच्या हातातून फुईनं कणकेच्या बोटांनी कथा काढून घेतली.

"मी रडनी?" ती म्हणाली. "कव्हय रडनी मी? बस जाग्यावर. ऐक."

मग तिनं जमिनीवर मांडी घातली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती रिक्षानं चलथाणला गेली. खिडकी-बिडकी काही नव्हती, पत्र्याची खोली होती आणि दार सताड उघडं. ही आत गेली. योगराज पाटावर बसला होता आणि ज्योती नावाची एक बाई त्याला वाढत होती. फुई पहाटेपासून उपाशी होती.

"माले भूक लागेल व्हती," फुई म्हणाली. "मी बी बसनी. म्हंतं, माले बी ताट वाढ."

"तिच्याकडे जेवलीस?" गायत्रीच्या तोंडून निघालं.

"जेवनार नही ते काय! भरीत व्हतं. वांगं नीट भाजेल नव्हतं, मी तिले तसं सांगं बी."

"भरीत चांगलं व्हतं," योगराज दारातून म्हणाला.

फुईनं नुसतं वळून बघितलं. तो चहाची बशी घेऊन आला तसा जिना उतरून गेला.

आणि जेवता जेवता फुईला चुलीशेजारी कुकर दिसला. तिचा कुकर, माहेरून मिळालेला, मुठीला तांबडी तार गुंडाळलेला. सहा महिन्यांपासून तो घरात सापडत नव्हता आणि तिनं त्यापायी शेजारणीशी भांडण करून बोलणं सोडलं होतं. नवरा चलथाणला येताना तो कुकर घेऊन आला होता.

"त्याना माले राग उना नही एवढा," फुई म्हणाली, "कुकरना उना!" तिनं हात धुतले, कुकरमधली डाळ ज्योतीच्या पातेल्यात ओतली, कुकर काखेत मारला आणि निघाली. रिक्षात मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. आठ दिवसांनी तो आला. ज्योती अजून दर दिवाळीला फुईला फोन करते.

"आणि तू," फुईनं कथेचे कागद गायत्रीच्या मांडीवर टाकले, "माले बसस्टॉपवर उभं करं. रडकी."

गायत्रीला भयंकर लाज वाटली आणि त्याच वेळी हसू आवरेना. लाज फुईचं चोरल्याची नव्हती. तिनं चोरलं असतं तर एवढं चांगलं काहीतरी तिच्याकडे असतं! तिनं चांगलं सोडून पदर घेतला होता. आणि पुण्याच्या बाईंना नेमका पदर आवडला होता. मग ती जागा तिला मिळाली ती कशासाठी?

दोन दिवस रजा टाकून तिनं कथा पुन्हा लिहिली. भरीत आलं, तार आली. फुईला वाचून दाखवली. फुईनं तीन ठिकाणी अडवलं, एका ठिकाणी शिवी वाढवून घेतली. कानावर घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि स्वतःच्या तोंडी नि कागदावर शाळेची मराठी, असं तिचं आजवर चाललं होतं. ह्या वेळी फुई कागदावरही फुईसारखीच बोलली.

मग तिनं मालतीबाईंना मेल केला. 'आधीच्या कथेत मी खोटं लिहिलं होतं. ती बाई माझी फुई आहे आणि ती रडली नव्हती. निवड त्या अश्रूसाठी झाली असेल तर मागे घ्यावी. खरी कथा सोबत जोडली आहे.' पाठवल्यावर तिला वाटलं, बरं झालं, आता केबिन घेता येईल.

उत्तर दहाव्या दिवशी सकाळी आलं. 'खरंखोटं तुमच्या फुईकडे ठेवा, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. अश्रू मला आवडला होता. कुकर जास्त आवडला. पण तिसऱ्या पानावर तुम्ही घाबरून पळाला आहात. कुठे, ते इथे आलात तर सांगेन.'

गायत्रीनं तिसरं पान काढलं. गोडाउनमध्ये उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. पळाल्याची जागा सापडेना. घाबरून? ती? तिला इतका राग आला की जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. तीन वर्षांत तिच्या कुठल्याच ओळीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ही बाई एकदाच पडद्यावर बघितलेल्या पोरीला सरळ भित्री म्हणत होती. पगार घेऊन वाचणारी, आणि वाचून भांडणारी बाई! चार वाजता तिनं 'येते' असं कळवलं. जयंतीभाईंना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की जायच्या आधी नवरात्रीच्या मालाची नावं तेवढी देऊन जा.

तिनं एका दिवसात चाळीस नावं दिली. त्यातलं एक 'भरीत' होतं. कुणी वाचलं नाही.

जुलैत वर्ग सुरू झाला. पंधरा मुलंमुली गोल बसायची आणि प्रत्येकाच्या कथेत निदान एक माणूस खिडकीबाहेर बघत असायचा. गायत्रीची पाळी आली तेव्हा तिनं कुकर वाचला. वर्ग हसला. मग एका मुलानं गंभीरपणे विचारलं, "कुकर हे स्त्रीच्या दबलेल्या वाफेचं प्रतीक आहे का?"

"पाच लिटरचा होता," गायत्री म्हणाली.

मालतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिसरं पान वर धरलं. "ह्या खोलीत तीन माणसं आहेत. एक जेवतेय, एक गप्प आहे. तिसरी वाढतेय. आलेली बाई तिच्या घरातलं भरीत नावं ठेवत खाते, तिच्या चुलीवरून भांडं उचलते, तिची डाळ ओतून देते. ज्योती ह्या सबंध वेळात एक अक्षर बोलत नाही. का? तिला तो कुकर कुणाचा हे माहीत होतं का? तुम्हाला फुई आवडते, म्हणून तुम्ही ज्योतीकडे बघितलंच नाही."

गायत्री उत्तर द्यायला तयार होऊन आली होती. पण तिला खरंच माहीत नव्हतं.

वर्ग सुटल्यावर तिनं वसतिगृहाच्या जिन्यात बसून फुईला फोन लावला. पुण्याचं पाणी कसं, मेसमध्ये पोळ्या जाड असतात का, सगळं झालं. मग तिनं ज्योतीचा नंबर मागितला.

"तुले काय करनं शे तिना नंबर?"

"विचारायचंय तिला. त्या दिवसाचं."

"खोटंच सांगी ती."

"सांगू दे."

"माले नावं ठेवी."

"ठेवू दे, फुई. मी दोन्ही लिहीन."

मागं योगराज काहीतरी म्हणाला, त्याला फुईनं गप्प केलं. मग नंबर सांगायला सुरुवात केली. शेवटचा आकडा तिनं दोनदा चुकीचा सांगितला, आणि तिसऱ्यांदा बरोबर.