गडबची वज्रदाढ

गडबजवळ हायवेला लागून, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव पडला होता आणि आत माणसं तोंड वासून बसली होती. अगदी खरोखर वासून. कारण वज्रदंत महाराज किडक्या दाढेत भस्म भरत आणि बघता बघता त्याचा दगड होई.

"हे हिमालयातलं भस्म, हे मानससरोवराचं तीर्थ! भक्ता, उघड जबडा, पापं बाहेर पडू देत!" असं ओरडून महाराज मंत्र म्हणत पळसाच्या पानावर भस्मात तीर्थाचे थेंब घोटत, कापसाने दाढ टिपत, सळईने गोळा दाबत आणि वरून बोटाने तूप फासत. मग तीच सळई धोतराला पुसून पुढच्याच्या तोंडात! पेणला दातांचा दवाखाना चालवणारी डॉक्टर मृणाली मांडवाच्या तोंडाशी उभी राहून ते बघत होती.

तिला सरूने फोन करून बोलावलं होतं. सरूच्या आठ वर्षांच्या मुलीची, स्पृहाची, ठणकणारी दाढ महाराजांनी गेल्या आठवड्यात भरली होती. आता मांडवातच आईच्या मांडीवर पडलेल्या पोरीचा गाल सुजून डोळा झाकला होता, अंग तव्यासारखं तापलं होतं.

"दाढ आजच उघडायला हवी," मृणाली म्हणाली. "पू गळ्याकडे उतरला तर पोरीचा श्वास कोंडेल."

स्पृहाचा बाप हैबतराव आडवा आला. "दगड फोडला तर घराचा नाश होईल, असं म्हाराजांनी सांगितलंय. आणि मॅडम, मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचे भरतो. प्लास्टर माझ्या हाताखालचं हाय. ते ओल्या दाताला धरंल व्हय? लाळेत भुगा होतो त्याचा. ह्यो दगड सुटत नाय. म्हंजे चमत्कारच!"

साऱ्या मांडवाने मान डोलावली. प्लास्टरमधला माणूसच सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? मृणालीला महाराजांइतकाच या बापाचाही संताप आला. एवढा जाणकार गडी, आणि स्वतःला जे ठाऊक नाही ते सगळं त्याने देवाच्या नावावर खपवलं होतं.

तिने पिशवीतून दोन बाटल्या, एक पुडीची आणि एक पातळ द्रवाची, काढून हैबतरावापुढे ठेवल्या. शाळेतल्या पोरांना दाखवायला ठेवलेली एक उपटलेली, पोखरलेली दाढही काढली. "घोटा तुम्हीच. मंत्र म्हणायचा नाही. तोंडाने महाराजांना शिव्या घाला."

"पाप लागंल!"

"घोटा म्हणते ना!" सरू किंचाळली. "माझी पोर जातेय हितं!"

हैबतराव घोटू लागला. हात सराईत होता. शिव्या आधी पुटपुटत आल्या, मग पोरीकडे नजर गेली तशा खणखणीत. गोळा दाढेत बसला. मृणालीने वर व्हॅसलीन लावलं. थोड्या वेळाने त्याने दाढ पाण्यात बुडवली, नखाने खरवडली, दगडावर आपटली. भरलेलं काही सुटेना.

"आमचं भस्म चोरलं हिने!" महाराज गरजले.

"दुकानात मिळतं," मृणाली म्हणाली. "ही काचेची पूड, हे आम्ल. एकत्र आले की घट्ट होतात आणि दातातल्या कॅल्शियमलाच धरतात. म्हणून लाळेत सुटत नाहीत. ताजं असताना पाण्याने बिघडू नये म्हणून वर तूप! मीही लहान मुलांच्या दातांत हेच सिमेंट भरते. त्यातून फ्लोराइड झिरपतं, दाताला बळ मिळतं. पण आधी कीड खरवडून काढते. या माणसाने घाण आत कोंडून दार लावून घेतलं."

हैबतरावाने पोरीला उचललं.

पेणच्या दवाखान्यात दाढ उघडली तसा पिवळा पू भसकन बाहेर आला. खोलीभर अशी दुर्गंधी सुटली, की हैबतराव नाक दाबून भिंतीला टेकला. स्पृहा मात्र थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "बाबा, ठणका कमी झाला."

मृणालीने पोलिसांत तक्रार दिली. हैबतराव संध्याकाळी एकटाच मांडवात परतला. रांग अजून पांगली नव्हती. पुढची बाई तोंड उघडून बसलीच होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी शिव्या देत घोटलं, तरी दगड झालाच," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी पोर मरता मरता वाचली. ज्याला मंत्र लागतो म्हणतात, ते एकदा बिनमंत्राचं करून बघा. मग काय ते ठरवा."

त्या बाईने तोंड मिटलं.