परत तर दुबईलाच यायचं

दुबईतल्या बर दुबई भागात, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं टूर्स अँड ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. तिथे काचेजवळच्या टेबलावर मी गेली अकरा वर्षं बसते. मी स्वतः दुबई आणि हर्णै सोडून कुठेही गेलेली नाही, पण पेरूला निघालेल्या माणसाला उंचावर गेल्यावर पहिला दिवस लोळून काढा असं मी बजावून सांगते, आणि तो परत येऊन म्हणतो, नौशीनमॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून निभावलं. अशा वेळी मान थोडी ताठ होते. खोटं कशाला बोलू?

माझा नवरा उझैर एसी विकणाऱ्या कंपनीत आहे. यंदा कंपनीने बारा जणांना बक्षीस म्हणून ब्राझीलला पाठवायचं ठरवलं, त्यात त्याचं नाव आलं, आणि मी माझी सगळी विद्या त्याच्यासाठी पणाला लावली. चांगली तीन पानं लिहून दिली. तिथे पोर्तुगीज बोलतात, उगाच स्पॅनिश झाडू नकोस. रस्त्यात फोन हातात मिरवू नकोस, टॅक्सी अ‍ॅपवरूनच मागव. प्लगची भोकं वेगळी असतात, तेव्हा अ‍ॅडॅप्टर इथूनच ने. शेंगदाण्यांएवढ्या काळ्या घेवड्याची आमटी पुढे येईल, दिसायला घरची वाटेल, पण तिच्यात डुकराचं मांस असतं, तू आपला मासा सांग. धबधब्याजवळ पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. त्याच्या ग्रुपमधल्या अकराही जणांनी ती पानं फॉरवर्ड करून घेतली. माझी मान तेव्हाही ताठ झाली होती.

यलो फिव्हरच्या लशीचं त्यानेच विचारलं होतं. दुबईहून जाणाऱ्याला ब्राझीलवाले ती सक्तीने मागत नाहीत, घेतलेली बरी असं फक्त सुचवतात. सुईचे अडीचशे दिरहम, म्हणजे सहा हजार रुपये. मी ते पानावर लिहिलंसुद्धा नाही.

"ते लशीचं पिवळं कार्ड तिकडून इंडियात उतरणाऱ्याला लागतं," मी म्हटलं. "तुला कशाला? परत तर दुबईलाच यायचं."

आम्ही इथली माणसं सगळा हिशेब असाच करतो. सुट्टी दुबईतून, तिकीट दुबईतून, परतणं दुबईला. वाईट बातमीचा फोन मात्र नेहमी गावाहून येतो, आणि त्यासाठी गावीच जावं लागतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. मी लोकांची तिकिटं काढताना ते रोज बघते.

तो ब्राझीलला गेल्यावर सातव्या दिवशी फोन आला. माझी नणंद शहनाझ हर्णैच्या घरी अम्मींजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ, असते. अम्मींच्या किडन्या गेले वर्षभर कुरकुरत होत्या, आता किडन्यांनी हात टेकले होते. डायलिसिसला अम्मींनी साफ नकार दिला आणि मला घरी न्या म्हणाल्या. डॉक्टरांनी शहनाझला बाजूला घेऊन सांगितलं, दोन दिवस, फार तर तीन.

इथे एक सांगायला हवं. उझैरचे अब्बा गेले तेव्हा तो इथे नवीन होता, अल क्वोजमध्ये गोदामात काम करायचा, आणि त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. तो हातात मिळेपर्यंत अब्बांना माती देऊन झाली होती. तेव्हापासून तो एकच गोष्ट म्हणत आला आहे, की अम्मींच्या वेळी मी असेन. भांडणातसुद्धा म्हणायचा. अम्मींनाही त्याने तसा शब्द दिला होता.

तो तडक साओ पावलोहून निघाला. तो विमानात असताना मी ऑफिसात बसून त्याचं दुबई-मुंबई तिकीट काढलं, मुंबईहून हर्णैपर्यंतची गाडी ठरवली. समोर केनियाला जाणारं एक जोडपं बसलं होतं. बाईंनी विचारलं की तिथून आम्ही थेट पुण्याला जाणार आहोत, काही काळजी घ्यायची का. मी सवयीने सांगायला लागले, की पिवळं कार्ड विसरू नका, सुई निघण्याआधी दहा दिवस घ्या, नाहीतर तिकडे उतरल्यावर सहा दिवस वेगळं ठेवतात. तोंड चाललं होतं आणि मध्येच थांबलं. बाई विचारत राहिल्या, "मॅडम, आर यू ओके?" उझैरही आता इंडियातच उतरणार होता, कार्डाशिवाय.

मग मी काय काय केलं ते सांगते. ज्या क्लिनिकमध्ये आम्ही गिऱ्हाइकं पाठवतो तिथल्या नर्सला फोन केला आणि मागच्या महिन्याची तारीख घालून कार्ड देशील का असं विचारलं. असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्वतः दारातून परत पाठवलेलं आहे. ती म्हणाली, दीदी, ये मत बोलो. घरी आले तर सफाने, माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने, सगळे नियम आधीच वाचून काढले होते. "ममा, इट्स फ्रॉम द डे ही लेफ्ट ब्राझील. सिक्स डेज," ती म्हणाली. "देअर इज नो एक्सेप्शन. आय चेक्ड." मी तिच्यावर विनाकारण ओरडले.

उझैर दुपारी उतरला. मी एअरपोर्टवरच उभी होते. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, स्टॅम्प कुणी बघितला नाही तर? चल, ट्राय करू, इन्शाल्ला होईल. आम्ही काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने पासपोर्टची पानं उलटली आणि ब्राझीलच्या शिक्क्यावर बोट ठेवून कार्ड मागितलं. मी तिला अम्मींचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला, मीही याच धंद्यात आहे म्हणाले. तिचे डोळे भरून आले, पण कार्डाशिवाय ती बोर्डिंग पास देऊ शकत नव्हती. तिच्या जागी मीही दिला नसता. मला माझाच इतका संताप आला की काउंटरची कड मी घट्ट धरून ठेवली.

आम्ही बाकड्यावर येऊन बसलो. उझैरने सहा दिवस बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. तेवढ्यात शहनाझचा व्हिडिओ कॉल आला. अम्मींचा चेहरा सुजलेला होता, आवाज मात्र स्वच्छ.

"कुठे आहेस रे?"

"दुबईला, अम्मी. एअरपोर्टवर."

"दुबईला आलास?" त्या हसल्या. "मग काय, आलासच की. मी उगाच घाबरले. ब्राझील म्हणजे कुठे ते मला ठाऊक नाही, दुबई तर आपल्या अंगणात आहे."

उझैर माझ्याकडे बघत होता. मी जगभरच्या लोकांना काय करा, काय करू नका ते सांगते. त्याला मी फक्त मान हलवली.

"हो अम्मी," तो म्हणाला. "आलोच."

फोन शहनाझने घेतला. अम्मींनी खाट दाराकडे तोंड करून फिरवून घेतली आहे, ती म्हणाली, कोपऱ्यावर गाडी वळली की दिसावी म्हणून. किती वाजता पोचाल तेवढं सांगा, त्या सारखं विचारतायत.

"नौशीन येतेय, सकाळपर्यंत पोचेल," उझैर म्हणाला. मी माझाही पासपोर्ट बरोबर आणलाय, हे मी त्याला बोलले नव्हते. त्याने माझ्या पर्सकडे बघूनच ओळखलं असावं.

"आणि तू?" शहनाझने विचारलं.

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि तो माझं तिकीट काढायला काउंटरकडे गेला.